कच्चे कैदी आणि एक वकील

प्रशासनाकडून होणारे अन्याय ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात कोणीतरी आदेश काढलेला असतो. त्यावर सही, शिक्का, जावक क्रमांक आणि दिनांक असतो. अशा आदेशाविरुद्ध अपील करता येते, आणि आदेश काढणाऱ्याला जाब विचारता येतो. दुसऱ्या प्रकारच्या अन्यायाला मात्र आदेशच नसतो. कोणी काही वाईट ठरवलेले नसते. जे करायला हवे होते ते राहून गेलेले असते, पुढची तारीख पडलेली असते, नस्ती एका विभागातून दुसऱ्या विभागात गेलेली असते. हा दुसरा प्रकार मला अधिक घातक वाटतो, कारण दाद कोणाकडे मागायची आणि कशाविरुद्ध मागायची, हेच पीडिताला कळत नाही.

आपल्या देशातील कच्च्या कैद्यांची कहाणी ही या दुसऱ्या प्रकारच्या अन्यायाची कहाणी आहे. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा खटला अजून संपलेला नाही, ज्याच्यावरील गुन्हा शाबीत झालेला नाही आणि तरीही जो तुरुंगात आहे असा माणूस. ही कहाणी सर्वोच्च न्यायालयाच्या दालनात ज्यांनी प्रथम समर्थपणे मांडली, त्या वकील कपिला हिंगोरानी यांचे नाव कायद्याच्या विद्यार्थ्यांखेरीज फारसे कोणाला माहीत नसते. त्यांच्या वकिलीचा इतिहास हा आम्हा प्रशासकीय अधिकाऱ्यांसाठी एक पाठ्यपुस्तकच आहे. म्हणून तो येथे सविस्तर मांडीत आहे.

या इतिहासाची सुरुवात एका पोलीस अधिकाऱ्यापासून होते, ही त्यातील विशेष बाब आहे. खुश्रू फरामुर्झ रुस्तमजी हे मूळचे आपल्याकडचे. त्यांचा जन्म 1916 साली नागपूरजवळच्या कामठीचा. 1938 मध्ये ते मध्य प्रांत व वऱ्हाडच्या पोलीस सेवेत दाखल झाले. पुढे पंडित नेहरूंचे सुरक्षा अधिकारी, मध्य प्रदेशचे पोलीस महानिरीक्षक आणि 1965 मध्ये स्थापन झालेल्या सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख अशी पदे त्यांनी भूषविली. आणीबाणीनंतर 1977 मध्ये केंद्र सरकारने धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला, त्याचे ते सदस्य झाले. आयोगाच्या कामानिमित्त त्यांनी बिहारमधील तुरुंगांना भेटी दिल्या. तेथे त्यांना असे लोक आढळले की जे खटला सुरू होण्याची वाट पाहत वर्षानुवर्षे कोठडीत पडून होते.

दौऱ्यावर गेलेला अधिकारी परत येऊन टिपणी लिहितो, ती टिपणी योग्य त्या मार्गाने वर जाते आणि बहुधा तेथेच तिचा प्रवास संपतो. रुस्तमजींनी आपले निरीक्षण लेखांच्या रूपाने 'इंडियन एक्स्प्रेस'ला दिले. 8 आणि 9 जानेवारी 1979 रोजी ते प्रसिद्ध झाले. त्यांत काही कैद्यांची नावे आणि ते किती वर्षांपासून तुरुंगात आहेत याचे तपशील होते. चाळीस वर्षे खाकी गणवेशाशी नाते असलेल्या माणसाने तुरुंगातील लोकांची बाजू जाहीरपणे मांडावी, ही गोष्ट त्या काळीही दुर्मीळ होती आणि आजही आहे.

हे लेख दिल्लीत वाचणाऱ्या असंख्य लोकांपैकी एक होत्या पुष्पा कपिला हिंगोरानी. त्यांचा जन्म 1927 साली नैरोबीचा. कायद्याचे शिक्षण त्यांनी वेल्समधील कार्डिफ येथे घेतले आणि नंतर भारतात येऊन सर्वोच्च न्यायालयात वकिली सुरू केली. त्यांचे पती निर्मल हिंगोरानी हेही वकील होते. लेख वाचून हळहळणारे पुष्कळ असतील. हिंगोरानींनी त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची, म्हणजे बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका दाखल केली. याचिकेला आधार होता तो त्या दोन दिवसांच्या वृत्तपत्राचाच.

आज हे वाचताना यात विशेष काय, असे वाटेल. पण 1979 सालचा रिवाज असा होता की ज्याच्यावर अन्याय झाला त्याने स्वतः किंवा त्याच्या जवळच्या नातलगाने न्यायालयात यावे. वकिलाजवळ पक्षकाराचे वकीलपत्र हवे. बिहारच्या तुरुंगातील स्त्री-पुरुषांनी हिंगोरानींना पाहिलेलेही नव्हते. वकील लावणे शक्य असते तर ती माणसे मुळात तुरुंगात राहिलीच नसती. म्हणजे ज्याला न्यायालयाची सर्वाधिक गरज, त्यालाच न्यायालयाचे दार बंद, अशी ही रचना होती. न्यायालयाने याचिका दाखल करून घेतली आणि बिहार सरकारला नोटीस काढली. हुसेनआरा खातून या कैदी महिलेच्या नावाने हे प्रकरण ओळखले जाते. ज्याला आज आपण जनहितयाचिका म्हणतो, तिचा पाया येथे घातला गेला.

ही माणसे एवढी वर्षे तुरुंगात कशी राहिली, हे समजून घेतल्याखेरीज या प्रकरणाचे मर्म कळणार नाही. यातील बहुतेकांना जन्मठेपेचे गुन्हे केल्याचा आरोप नव्हता. अनेकांवरील आरोप इतके किरकोळ होते की ते सिद्ध झाले असते तरी काही महिन्यांची, फार तर एखाद-दोन वर्षांची शिक्षा झाली असती. प्रत्यक्षात ते पाच, सात, नऊ वर्षे, आणि काही तर दहा वर्षांहून अधिक काळ आत होते. त्यांत बायका होत्या, मुलेही होती.

याचे एक कारण जामिनाची पद्धत. जामीन मंजूर होतो, पण त्यासोबत एका रकमेचा आकडा येतो आणि तेवढ्या ऐपतीचा जामीनदार आणण्याची अट येते. जातमुचलक्यावर, म्हणजे आरोपीच्या स्वतःच्या हमीवर सोडण्याची तरतूद कायद्यात होती, पण ती क्वचितच वापरली जाई. मोलमजुरी करणाऱ्याला शेतीचा किंवा घराचा कागद असलेला जामीनदार कोठून मिळणार? याच प्रश्नावर 1978 साली मध्य प्रदेशातील मोतीराम यांच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी निकाल दिला होता. मोतीराम गवंडी होते. त्यांना दहा हजार रुपयांचा जामीनदार मागण्यात आला, आणि भाऊ जामीन राहण्यास तयार असताना त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने हे चूक ठरवले. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना यातील मेख लगेच समजेल. जेथे आपली जमीन नाही, सोयरेधायरे नाहीत, तेथे 'स्थानिक जामीनदार आणा' या तीन शब्दांत किती मोठी भिंत असते, हे परप्रांतात पोटासाठी गेलेल्या मजुराइतके कोणालाच कळत नाही.

दुसरे कारण म्हणजे तारीख. कोठडीची मुदत वाढवताना आरोपीला दंडाधिकाऱ्यासमोर उभे करायचे असते. वास्तविक 1973 ची फौजदारी प्रक्रिया संहिता 1 एप्रिल 1974 पासून लागू झाली, तिच्या कलम 167 मध्ये स्पष्ट मर्यादा घातलेली होती. ठरावीक दिवसांत, म्हणजे 1978 च्या दुरुस्तीनंतर गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार 60 किंवा 90 दिवसांत, तपास पूर्ण झाला नाही तर जामीन देण्यास तयार असलेल्या आरोपीला सोडलेच पाहिजे. समन्स खटल्यात सहा महिन्यांत तपास पूर्ण न झाल्यास, विशेष कारण असल्याखेरीज, तपासच थांबवला पाहिजे. कायदा असा कैद्याच्या बाजूने उभा होता. पण कायदा आपणहून तुरुंगात जाऊन कोणाला सांगत नाही. आरोपीला तो माहीत नव्हता, त्याला वकील नव्हता, आणि कायदा माहीत असलेले सगळे दुसऱ्या कामात होते.

आणि कारण कोणतेही असो, या प्रत्येक माणसाची नोंद तुरुंगाच्या रजिस्टरात होती. नाव, बापाचे नाव, गाव, कलम, दाखल झाल्याची तारीख. त्याच्या शिध्याचा खर्च दर महिन्याला मंजूर होत होता. तुरुंगाच्या नियमावलीनुसार अभ्यागत मंडळ होते, तपासणीचे रकाने होते. माझ्यासारख्या प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माणसाला या प्रकरणात सर्वांत अस्वस्थ करणारी बाब हीच वाटते. माहिती सरकारच्या हातात होती. तारखेपुढे आजची तारीख मांडून वजाबाकी करण्याचे काम तेवढे कोणी केलेले नव्हते.

5 फेब्रुवारी 1979 रोजी प्रकरण सुनावणीला आले तेव्हा नोटीस मिळूनही बिहार सरकारच्या वतीने कोणीही हजर नव्हते. मग न्यायालयाने वृत्तपत्रातील मजकूर खरा धरून पुढे जाण्याचे ठरवले. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या पीठाने 12 फेब्रुवारीच्या आदेशाने त्या लेखांत नावे असलेल्या कच्च्या कैद्यांना जातमुचलक्यावर ताबडतोब सोडण्यास सांगितले. त्याच महिन्यात आणखी एक प्रकार उजेडात आला. तुरुंगातील काही स्त्रियांवर कोणताही आरोपच नव्हता. त्या गुन्ह्याच्या बळी होत्या किंवा साक्षीदार होत्या. 'संरक्षणासाठी' म्हणून त्यांना तुरुंगात ठेवलेले होते. 'संरक्षक कोठडी' असे त्याला गोंडस नाव होते. न्यायालयाने त्यांना तुरुंगातून हलवून महिलांसाठीच्या आधारगृहांत ठेवण्यास सांगितले.

9 मार्च 1979 चा निकाल सर्वांत महत्त्वाचा. त्यात न्यायालयाने दोन तत्त्वे घालून दिली. खटला लवकर चालणे हा संविधानाच्या कलम 21 मधील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. आणि गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळणे हाही त्याच हक्काचा भाग आहे. सरकारने अडचणी सांगितल्या. तपास लांबतात कारण तज्ज्ञांचे अहवाल वेळेवर येत नाहीत, ही त्यांपैकी एक. न्यायालयाचे उत्तर साधे होते: मग तज्ज्ञ नेमा आणि प्रयोगशाळा वाढवा. पैसा नाही किंवा यंत्रणा अपुरी आहे, ही सबब सांगून सरकारला घटनात्मक कर्तव्य टाळता येणार नाही.

या निकालाच्या तत्त्वांची चर्चा पुष्कळ झाली आहे. मला त्यातील एका कारकुनी वाटणाऱ्या सूचनेचे महत्त्व अधिक वाटते. न्यायालयाने बिहार सरकारला कच्च्या कैद्यांचे तक्ते मागितले. वर्षवार मांडणी करा, किरकोळ गुन्ह्यांचे वेगळे आणि गंभीर गुन्ह्यांचे वेगळे दाखवा, असे सांगितले. जे कैदी त्यांच्यावरील आरोपाच्या कमाल शिक्षेपेक्षाही अधिक काळ आत होते, त्यांची सुटका या तक्त्यांतूनच झाली. या प्रकरणाच्या परिणामी देशभरात सुमारे 40 हजार कच्चे कैदी सुटले असे सांगितले जाते. एवढी माणसे एका तक्त्याअभावी अडकलेली होती.

येथे थोडे मागे जाऊन त्या काळाचे भान ठेवणे आवश्यक आहे. हुसेनआरा प्रकरणाच्या तीनच वर्षे आधी, 28 एप्रिल 1976 रोजी, याच सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर प्रकरणात चार विरुद्ध एक अशा मताने निर्णय दिला होता की आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्या माणसाला हेबियस कॉर्पसचा अर्जही करता येणार नाही. विरोधी मत देणारे एकटे न्यायमूर्ती ह. रा. खन्ना. बहुमतातील चौघांत न्यायमूर्ती भगवती होते आणि मूळचे पुण्याचे न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूडही होते. भगवतींनी आपला तो निर्णय चुकीचा होता असे पुढे 2011 मध्ये जाहीरपणे मान्य केले, आणि 2017 मध्ये तो निर्णय औपचारिकपणेही रद्दबातल झाला. मात्र जे हत्यार 1976 मध्ये बोथट ठरवले गेले होते, तेच घेऊन हिंगोरानी 1979 मध्ये त्याच न्यायालयात गेल्या, आणि तेही बड्या राजकीय नेत्यांसाठी नव्हे, तर ज्यांची नावे त्यांच्या गावाबाहेर कोणाला माहीत नव्हती अशांसाठी. न्यायालयाला आपली गेलेली पत परत मिळवायची होती, हे खरे. पण ती मिळवण्यासाठी योग्य प्रकरण योग्य वेळी कोणीतरी पुढे आणून ठेवावे लागते.

हिंगोरानींचे दुसरे मोठे प्रकरणही बिहारमधलेच. 1979-80 मध्ये भागलपूर जिल्ह्यात पोलिसांनी तीसहून अधिक संशयितांचे डोळे सुईने फोडून त्यांत ॲसिड ओतले. नोव्हेंबर 1980 मध्ये वृत्तपत्रांतून हे उघड झाले तेव्हा देश हादरला, पण त्याहून अधिक धक्का देणारी गोष्ट म्हणजे काही जण त्याच्याही बाजूने बोलत होते. गुन्हेगारीला कंटाळलेला समाज कोणत्या टोकाला जातो, याचे ते दर्शन होते. खत्री विरुद्ध बिहार राज्य या नावाने ओळखल्या जाणाऱ्या याचिकांत हिंगोरानी या अंध केलेल्या कैद्यांच्या वतीने उभ्या राहिल्या.

या प्रकरणातही मला घटनेइतकाच त्यातील कागद महत्त्वाचा वाटतो. अंध झालेल्या काही कैद्यांनी जुलै 1980 मध्येच सत्र न्यायाधीशांकडे वकील मिळावा म्हणून अर्ज केला होता. खटला सुरू होण्याआधी वकील देण्याची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत नाही, असे लिहून तो अर्ज खाली मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवण्यात आला. पुस्तकी दृष्टीने शेरा बिनचूक होता. त्या शेऱ्याखाली डोळे गेलेली माणसे होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1980 मध्ये स्पष्ट केले की आरोपीला प्रथम दंडाधिकाऱ्यापुढे आणले जाते तेव्हापासूनच मोफत वकिलाचा हक्क सुरू होतो, आणि तो हक्क आहे हे त्याला सांगणे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. आरोपीने मागितले नाही म्हणून दिले नाही, हे उत्तर चालणार नाही. प्रशासनाच्या इतर क्षेत्रांतही हे तत्त्व किती दूरवर पोचते ते पाहा. रेशनकार्ड असो, निवृत्तिवेतन असो की जातीचा दाखला, 'अर्जच आला नाही' हे आपल्या कार्यालयांतील सर्वांत लाडके उत्तर आहे.

तिसरे प्रकरण रुदल साह यांचे. 1968 च्या जूनमध्ये मुझफ्फरपूरच्या सत्र न्यायालयाने त्यांची निर्दोष सुटका केली. ते तुरुंगातून बाहेर पडले 16 ऑक्टोबर 1982 रोजी. निर्दोष ठरल्यानंतर चौदा वर्षांहून अधिक काळ! त्यांच्या वतीनेही हिंगोरानीच उभ्या होत्या. सरकारचे म्हणणे असे होते की ते वेडे होते म्हणून ठेवले. पण सुटकेच्या वेळी ते वेडे होते याचा धड पुरावा नव्हता, आणि वेडावर काय उपचार केले याचाही नव्हता. शिवाय त्याच कागदपत्रांत एक नोंद होती. 18 फेब्रुवारी 1977 रोजी सिव्हिल सर्जनने त्यांची मनःस्थिती ठीक असल्याचा दाखला दिला, आणि तीन दिवसांत, 21 फेब्रुवारीला, ती माहिती विधी विभागाला कळवण्यात आली. त्यानंतर साडेपाच वर्षे गेली.

ज्यांनी मंत्रालयात किंवा एखाद्या राज्याच्या सचिवालयात काम केले आहे, त्यांना या साडेपाच वर्षांत काय घडले असेल ते सांगण्याची गरज नाही. नस्ती कोठेतरी होती. तिच्यावर 'चर्चा करावी', 'पूर्वपीठिकेसह सादर करा' अशा शेऱ्यांची भर पडली असेल किंवा ती कपाटातच राहिली असेल. तीन दिवसांत पत्र पाठवणाऱ्याने आपले काम चोख केले होते, त्याची जावक नोंद झाली होती आणि त्याच्या दृष्टीने विषय संपला होता.

1 ऑगस्ट 1983 रोजी सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी या प्रकरणात निकाल दिला. त्याआधी अशा याचिकेत न्यायालय फार तर सुटकेचा आदेश देई. नुकसानभरपाई हवी असल्यास दिवाणी दावा करा, असे सांगितले जाई. चौदा वर्षे तुरुंगात काढलेल्या निर्धन माणसाला दिवाणी दाव्याचा रस्ता दाखवणे म्हणजे त्याची थट्टा करण्यासारखे होते. न्यायालयाने आधी दिलेल्या 5 हजारांव्यतिरिक्त आणखी 30 हजार रुपये सरकारने द्यावेत असा आदेश दिला. रक्कम लहान होती, पण मूलभूत हक्क मोडला तर राज्याने त्याची किंमत मोजावी, हे तत्त्व येथून रुजले. कोठडीतील मृत्यू आणि बेकायदा अटक यांसाठी आज जी भरपाई मिळते, तिचे मूळ या निकालात आहे.

यानंतरही हिंगोरानी थांबल्या नाहीत. सुमारे शंभर जनहितयाचिका त्यांनी फी न घेता चालवल्या असे त्यांच्याविषयी नोंदवले गेले आहे. वयाच्या पंचाहत्तरीतला त्यांचा एक लढा मला विशेष वाटतो, कारण त्यातील पीडित सरकारच्याच घरातले होते. बिहारमधील सरकारी महामंडळांच्या कर्मचाऱ्यांचे पगार वर्षानुवर्षे थकले होते. उपासमारीने आणि आत्महत्येने कर्मचारी मेल्याच्या बातम्या येत होत्या. महामंडळ ही कायद्याने वेगळी संस्था, तिच्या देण्याशी आमचा संबंध नाही, अशी राज्य सरकारची भूमिका होती. 9 मे 2003 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा पडदा बाजूला सारला. माणसे उपाशी मरत असताना राज्याला कंपनी कायद्याच्या आड लपता येणार नाही, असे म्हणत पगार वाटपासाठी पाटणा उच्च न्यायालयात 50 कोटी रुपये भरण्यास सांगितले. या निकालाचे नावच कपिला हिंगोरानी विरुद्ध बिहार राज्य असे आहे. 30 डिसेंबर 2013 रोजी त्यांचे निधन झाले. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ग्रंथालयात त्यांचे तैलचित्र लावण्याचे ठरले. तोपर्यंत तेथे एकाही महिला वकिलाचे चित्र नव्हते.

ही सारी प्रकरणे शेजारी शेजारी ठेवली की त्यांत एक समान धागा दिसतो. प्रत्येक वेळी निर्णायक पुरावा सरकारच्या दप्तरातूनच आला. तुरुंगाचे रजिस्टर, सत्र न्यायाधीशांचा शेरा, सिव्हिल सर्जनचा दाखला, पगारपत्रके. प्रत्येक वेळी कायदा किंवा संविधान आधीपासूनच पीडिताच्या बाजूने होते. हिंगोरानींनी केले ते एवढेच की या दोहोंना एका खोलीत समोरासमोर आणले. ते काम वास्तविक आमचे होते. जिल्ह्यातील अधिकाऱ्यापाशी कायद्याचे पुस्तकही असते आणि रजिस्टरही असते. हिंगोरानींसारख्या वकिलांना काही अधिकारी प्रशासनाचे शत्रू समजतात. मला ते पटत नाही. अंतर्गत तपासणीत जे निसटते, ते बाहेरून दाखवून देणारा माणूस प्रशासनाचा मित्रच असतो. रुस्तमजींनी हे ओळखले होते.

आता आजच्या स्थितीकडे वळू. गेल्या चार दशकांत कायदे पुष्कळ सुधारले. 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा 1995 मध्ये अमलात आला आणि जिल्ह्याजिल्ह्यात मोफत वकिलाची व्यवस्था झाली. 2005 च्या दुरुस्तीने कलम 436-अ आले, आणि कमाल शिक्षेच्या निम्मा काळ काढलेल्या कच्च्या कैद्याला सोडण्याची तरतूद झाली. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यातील कच्च्या कैद्यांच्या आढावा समितीला नियमित बैठका घेण्यास सांगितले. तिच्यात जिल्हा न्यायाधीशांसोबत जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकही असतात. 2023 मध्ये केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली, तिच्यात त्या वेळी जामिनाची रक्कम भरू न शकणाऱ्या कच्च्या कैद्यासाठी 40 हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार, गंभीर गुन्ह्यांचे अपवाद सोडून, यापूर्वी कधीही दोषी न ठरलेल्याला एक तृतीयांश काळानंतर सोडता येते, आणि त्यासाठी न्यायालयाला लेखी कळवण्याची जबाबदारी थेट तुरुंग अधीक्षकावर टाकलेली आहे.

आणि तरीही 2022 च्या अखेरीस देशातील तुरुंगांत 5,73,220 बंदी होते आणि त्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते. म्हणजे दर चौघांत तिघे. सुधारणेचा प्रत्येक कायदा योग्यच होता. पण तो अमलात येतो तो कोणीतरी रजिस्टर उघडून, दाखल झाल्याची तारीख पाहून वजाबाकी केली तरच.

प्रशासनात नव्याने येणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांना, आणि देशभर विखुरलेल्या आपल्या मराठी मुलामुलींपैकी जे या सेवांत आहेत त्यांना, माझे एक सांगणे आहे. आढावा समितीच्या बैठकीला आपला प्रतिनिधी पाठवू नका, स्वतः जा. समोर येणाऱ्या यादीत चार रकाने आहेत ना ते पाहा: दाखल झाल्याची तारीख, लावलेले कलम, त्या कलमाची कमाल शिक्षा आणि आजवर काढलेला काळ. जामीन मंजूर होऊनही जे आत आहेत त्यांची यादी वेगळी मागा, आणि प्रत्येक नावापुढे 'का?' हा प्रश्न विचारा. बहुधा उत्तर येईल की जामीनदार मिळाला नाही. मग त्या योजनेचे पैसे मागण्याचा प्रस्ताव त्याच बैठकीत करा. परप्रांतातील मजुराचे नाव दिसले तर थोडे अधिक थांबा, कारण त्याच्यासाठी चौकशीला कोणी येणार नाही. या सगळ्याला एका दुपारहून अधिक वेळ लागत नाही.